खरादावरच्या टकळ्या

खरादाच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से! भुसा निदान पोत्यात भरून बंबाखाली जाळता येतो. किस्से डोक्यातच साचत राहतात. परवा शाळेतल्या जुन्या मैत्रिणी जमल्या होत्या, त्यांना दोन सांगितले तर तिसऱ्यासाठी चहा पुन्हा गॅसवर चढला. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

मी निंभोरकर बाई. चांदूर बाजारच्या शाळेत सत्तावीस वर्षं कार्यानुभव शिकवला. म्हणजे शिवण, कागदाची फुलं आणि सूतकताई. रिटायर झाल्यावर अमरावतीत राहायला आले आणि आता आठवड्यातले चार दिवस सुखदेव वानखडे यांच्या खरादाच्या दुकानात बसलेली असते. सुखदेवदादा लाटणी, पाळण्याचे खांब, खाटांचे पाय असलं सगळं करतात. मशीनवर लाकूड गरगर फिरतं, दादा पटाशी टेकवतात आणि चौकोनी ठोकळ्यातून गोल वस्तू बाहेर येते. बोलणं कमी. जे बोलतात ते पटाशीसारखंच.

आता एका रिटायर्ड बाईचं तिथे काय काम, तर तोच पहिला किस्सा.

*

घर बदलताना माझी टकळी मिक्सरखाली सापडून फुटली. टकळी म्हणजे सूत कातायची हातातली चाती. खाली लाकडाची चकती, मधून वीतभर काडी, काडीच्या टोकाला आकडा. कापसाचा पेळू आकड्याला लावायचा, काडीला गिरकी द्यायची, की पीळ बसत धागा निघतो. बाजारात कुठे मिळेना, म्हणून विचारत विचारत दादांच्या दुकानात गेले.

दादांनी फुटलेले तुकडे उलटेपालटे करून पाहिले.

"ह्याच्यात काय हाये? लाटण्याले टोपी लावली का झालं!"

दहा मिनिटांत टकळी तयार. दादांनी फरशीवर फिरवली. ती दोन गिरक्या डुगडुगली, टुणकन उडाली आणि शेजारी पेपर वाचत बसलेल्या गजभिये सरांच्या चहात पडली. गजभिये सर म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर. घरी पेपर येत असूनही दुकानातला पेपर इथे येऊन वाचतात. सरांनी टकळी चहातून काढली, निथळली आणि म्हणाले, "वानखडे, साखर कमी हाये."

चकतीचं भोक केसभर जरी मधून सरकलं तरी टकळी डुगडुगते, हे दादांना तेव्हा कळलं. मला म्हणाले, "बाई, उद्या या." मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. सहाव्या दिवशी एक टकळी भोवऱ्यासारखी उभी राहिली, आवाज न करता फिरली आणि झोप आल्यासारखी हळूच कलंडली.

दादांच्या पायाशी फसलेल्या टकळ्यांचा ढीग होता. मी मोजल्या. अकरा!

"अहो, माझ्या एका टकळीसाठी एवढं लाकूड वाया घालवलंत?"

"वाया कशाचं? एक तुमची. बाकी अकरा माही शाळा."

*

त्यानंतर माझं दुकानात जाणं थांबलंच नाही. दादांना टकळी करायचा नादच लागला. त्यांची मुलगी प्रज्ञा अकोल्याच्या पॉलिटेक्निकला लेक्चरर आहे. तिने बाबांच्या टकळ्यांचे फोटो मोबाइलवर टाकले आणि कुठून कुठून ऑर्डरी यायला लागल्या. प्रत्येक टकळीवर मी हातभर सूत कातून बघायचं आणि मगच ती डब्यात जायची. गिऱ्हाईक आलं की दादा माझी ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या टेस्टिंग इंजिनिअर मॅडम."

एकदा मी कातत बसले होते आणि कातता कातता गजभिये सरांना आमच्या शाळेतल्या एका इन्स्पेक्शनची गोष्ट सांगत होते. गोष्ट जरा लांबली. तेवढ्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. दादांनी स्पीकरवर टाकला.

"तुमची टकळी मध्येच बंद नाही ना पडत?"

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही जी. सकाळी धा वाजता सुरू झाली, अजून चालूच हाये!"

गजभिये सरांनी पेपर तोंडावर धरला. पेपर गदगदा हलत होता.

*

त्याच पुण्याच्या बाईंनी मग टकळी मागवली. मागवण्याआधी त्यांनी व्हिडिओ कॉल करून बरेच प्रश्न विचारले. लाकूड कुठलं, पॉलिश कसलं, आणि शेवटी, "हे सस्टेनेबल आहे का?"

दादांनी सुट्टीला घरी आलेल्या प्रज्ञाकडे बघितलं. प्रज्ञा म्हणाली, "टिकाऊ हाये का, म्हणून राह्यल्या."

"टिकते ना! आपटून पाहा."

"आपटू कशाला?"

"मंग इचारता काहून?"

टकळी गेली. पंधरा दिवसांनी बाईंचा अभिप्राय आला. चार स्टार, आणि खाली लिहिलेलं, 'वस्तू अप्रतिम. विक्रेते उद्धट.'

प्रज्ञाने वाचून दाखवलं. दादांनी विचारलं, "उद्धट म्हंजे?"

ती शहाणी पोरगी. म्हणाली, "म्हंजे तुमी खरं बोलता."

दादा लाकूड घासत होते. मग म्हणाले, "मंग पाचवा स्टार कुठं गेला?"

*

नागपूरच्या एका कॉलेजातल्या मुलीने एकदम सहा टकळ्या मागवल्या. आम्ही खूश! म्हटलं, चला, तरुण मुली सूत कातायला लागल्या. मी एका कागदावर पेळू कसा धरायचा याच्या सूचनासुद्धा लिहून पाठवल्या.

आठवड्याने तिने फोटो पाठवला. सहा मैत्रिणी पाठमोऱ्या उभ्या. सहाही जणींनी केसांचा अंबाडा घातलेला आणि प्रत्येक अंबाड्यात आमची टकळी खोचलेली!

मला फार वाईट वाटलं. दादांनी मात्र मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन फोटो मोठा करून पाहिला आणि तिसऱ्या मुलीवर बोट ठेवलं.

"हिनं पीळ बराबर देल्ला."

*

टकळीच्या काडीला बांबू लागतो. तो सरळ हवा, हलका हवा आणि वाळलेला हवा. कोणीतरी सांगितलं धारणीकडे चांगला मिळतो, म्हणून दादा आणि मी एसटीने निघालो. घाटाची वळणं संपता संपत नव्हती. धारणीपासून पुढे जीपने एका गावात गेलो. तिथे मावस्कर नावाचे टोपल्या विणणारे एक कोरकू गृहस्थ होते. त्यांच्या पडवीत बांबूचे तुकडे रचलेले.

दादांनी हिरवे, चकचकीत, सुतासारखे सरळ तुकडे निवडले. मावस्करांनी ते दादांच्या हातातून काढून घेतले आणि कोपऱ्यातले काळपट, कळाहीन तुकडे पुढे केले.

"ये ले जाओ साब. ये अंधेरे पाख में काटा है. इसको कीड़ा नहीं लगता."

झालं! दादांनी त्यांना बांबू या विषयावर भाषणच दिलं. चाळीस वर्षं लाकडात काम करतो, मले शिकवता का, कीड बांबूले लागते, चंद्राचा काय संबंध, वगैरे. अर्धं वऱ्हाडीत, अर्धं हिंदीत. मावस्कर सगळं नीट ऐकत होते. मग त्यांनी हिरवे तुकडे बांधून दिले.

तीन महिन्यांनी दुकानात काड्यांमधून पिठासारखा भुगा गळायला लागला. डबाभर काड्या भुंग्याने पोखरलेल्या. मावस्करांना फोन लावला तर त्यांच्या गावात रेंज नाही. पुन्हा एसटी, पुन्हा घाट, पुन्हा जीप.

आम्ही पडवीत पाय ठेवला तर काळपट बांबूंची मोळी दोरीने बांधून दाराशीच ठेवलेली.

मी विचारलं, "आम्ही येणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मावस्कर हसले. "साब ने भाषण दिया था ना. भाषण देनेवाला आदमी वापस आता है."

परतीच्या प्रवासात परतवाड्यापर्यंत दादांनी ती मोळी मांडीवरून खाली ठेवली नाही.

*

मागच्या उन्हाळ्यात, जून लागला तरी पावसाचं नाव नव्हतं तेव्हा, दुकानासमोर एक गाडी थांबली. मोबाइलवरचे फोटो पाहून आलेले अकोल्याचे दिगंबर गुरुजी आणि त्यांचे चिरंजीव श्रीकांत. चिरंजीव वकील. गुरुजी एक्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. पाय सावरला होता, उजवा हात मात्र लटकाच होता. डाव्या हातात रुमालाची पुरचुंडी आणि तिच्यात तडा गेलेली टकळी.

दारातूनच श्रीकांत वकिलांना भिंतीवरचा बुद्धाचा मोठा फोटो दिसला. खालची निळी पताका दिसली. ते उंबऱ्यावरच थांबले.

"बाबा, आपण गाडीतच बसून बोलू या का?"

"मला ऐकू येत नाही," गुरुजी म्हणाले आणि आत येऊन माझ्या स्टुलावर बसले. त्या दिवसापुरतं माझं स्टूल गेलंच.

दादांनी स्टीलच्या ग्लासात पाणी आणून पुढे धरलं. त्या ग्लासाकडे आम्ही सगळे बघत होतो. माणूस पाणी पितो तेव्हा एरवी त्याच्याकडे इतकं कोणी बघत नाही. गुरुजींनी डाव्या हाताने ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि म्हणाले, "अजून आहे का?"

मग रुमाल उघडला. मुंज झाल्यापासून गुरुजींनी स्वतः कातलेल्या सुताचंच जानवं घातलं होतं. विकतचं एकदाही नाही. हात गेल्यापासून जुन्या साठ्यावर भागवत होते. अंगावर होतं ते शेवटचं. श्रावणीला जानवं बदलायचं, तेव्हा नवं लागणार होतं.

"मी म्हणतो, बाजारातून आणू," श्रीकांत म्हणाले.

"आणा आणि तुम्ही घाला," गुरुजी म्हणाले. मग दादांकडे वळले. "या हाताने चालेल अशी टकळी होईल का?"

दादांनी तो उजवा हात आपल्या हातात घेतला. बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

"सांगता येत नाही. पाहू."

गाडी गेल्यावर गजभिये सरांनी पेपरची घडी घातली. त्यांनी अर्धा पेपर वाचून घडी घातलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"वानखडे, माह्या आजोबाले देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते. त्या धाग्यासाठी तू टकळी करशीन?"

दादा पटाशीला धार लावत होते. ते थांबले नाहीत.

"तुमी म्हणता ते खरंच हाये सर. मी काही इसरलो नाही."

"मंग?"

"त्याचा हात चालत नाही. माहा चालते. सध्या मले एवढंच दिसून राह्यलं."

गजभिये सर उठून गेले. चार दिवस दुकानात आले नाहीत. पेपर तसेच पडून होते. पाचव्या दिवशी आले, खुर्चीवर बसले, पेपर उघडला आणि पेपरामागूनच विचारलं, "झाली का ती टकळी?"

*

कुठली होतेय! पहिली टकळी घेऊन आम्ही अकोल्याला गेलो. दादांनी काडी जाड केली होती, म्हणजे धरता यावी. गुरुजींची बोटं तिच्याभोवती मिटलीच नाहीत. दुसरी अगदी हलकी केली. ती गिरकी घेण्याआधीच आडवी. तिसऱ्या टकळीला वर लाकडी मूठ होती. गुरुजींनी ती डाव्या हातात घेऊन पाहिली आणि भडकलेच.

"ही टकळी आहे की लाटणं?"

"मी लाटणेच करतो गुरुजी. तुमीच आले माह्याकडं."

श्रीकांत वकील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, आता यांना थांबायला सांगा. दर वेळी बाबा आशा धरतात आणि तुम्ही गेल्यावर दोन दिवस जेवत नाहीत."

हे मी दादांना बसस्टँडवर सांगितलं. पुढच्या रविवारी ते रिकाम्या हाताने निघाले.

"टकळी?"

"नाही केली. आज नुसतं बसायचं."

आणि खरंच नुसते बसले. गुरुजी जेवले, दादा हाताकडे बघत. गुरुजींनी शर्टाची बटणं लावायचा प्रयत्न केला, दादा बघत. दुपारी गुरुजी आरामखुर्चीत डोळे मिटून काहीतरी स्तोत्र म्हणायला लागले. म्हणता म्हणता त्यांचा उजवा हात मांडीवर पुढे-मागे सरकत होता. ताल धरल्यासारखा. बोटं निर्जीव, पण तळवा सरकत होता.

दादांनी माझ्या कोपराला धक्का दिला. "बाई, बोटं गेली. तळवा हाये!"

चौथी टकळी वेगळी होती. काडी हातभर लांब, म्हणजे मांडीवर तळव्याखाली लाटता येईल. चकती मधे पातळ आणि कडेला जाड, म्हणजे एकदा फिरली की बराच वेळ फिरत राहील. खाली टेकवायला नारळाची करवंटी. कड घासता घासता दादांनी तीन चकत्या फोडल्या होत्या. श्रावणीला नऊ दिवस उरले होते.

गुरुजींनी काडी मांडीवर ठेवली, वर तळवा टेकवला आणि पुढे सारला. टकळी करवंटीत उभी राहून फिरायला लागली. डाव्या हाताने पेळू ओढला. धागा तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदाही तुटला.

चौथ्या वेळी धागा लांबत गेला. वीतभर, हातभर, गुरुजींचा डावा हात वर पोहोचेल तिथपर्यंत.

गुरुजींनी तो धागा तोडून गालावर फिरवून पाहिला. श्रीकांत वकील आत गेले. मला स्वयंपाकघर दिसत होतं. ते फ्रिज उघडून समोर उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे होते. घेतलं काहीच नाही.

"बरी आहे," गुरुजी दादांना म्हणाले. बस्स, एवढंच.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं नसेल, तोवर दादांनी मला सात वेळा सांगितलं, "बाई, बरी हाये म्हणला म्हातारा!"

*

दिवाळीनंतर प्रज्ञाने अकोल्यात फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला भंतेजींना बोलावून परित्राण पाठ ठेवला. या पाठात बुद्धमूर्तीपुढे पाण्याचा कलश ठेवतात. त्या कलशापासून निघालेला पांढरा धागा बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून फिरवतात आणि पाठ होईपर्यंत प्रत्येकाने तो धरून बसायचं. शेवटी त्याच धाग्याचे तुकडे मनगटावर बांधतात.

दादांनी गुरुजींना फोनवर आमंत्रण दिलं, तेव्हा हे सगळं समजावून सांगितलं. मग गुरुजी म्हणाले, "सूत बाजारातून आणू नका."

ठरल्या दिवशी गुरुजी आले. डाव्या हातात कागदात गुंडाळलेली सुताची लडी. श्रीकांत वकील त्यांना सोडायला आले होते. लिफ्टपाशी जरा घुटमळले आणि मग चपला काढून आत येऊन शेवटच्या रांगेत बसले.

भंतेजींनी लडी हातात घेऊन निरखली. "फार एकसारखं सूत आहे. कोणी कातलं?"

दादांनी गुरुजींकडे बोट दाखवलं. भंतेजींनी गुरुजींना नमस्कार केला, गुरुजींनी भंतेजींना केला. धागा निघाला. प्रज्ञा, दादा, मी, माझ्यानंतर गजभिये सर, आणि सरांनी तो पुढे दिला तो गुरुजींच्या हातात. गुरुजींनी डावा हात पुढे केला होता. मग तो मागे घेऊन उजवा केला. सरांनी त्या न मिटणाऱ्या बोटांमधून धागा ओवला आणि बोटं आपल्या हाताने मिटवून दिली.

पाठ सुरू झाला. अधांतरी धरलेला गुरुजींचा हात थोड्या वेळाने कापायला लागला. धागा एकच, त्यामुळे ते कापणं सगळ्यांच्या हातात येत होतं. माझ्या बोटांना कळत होतं, पलीकडे दादांच्याही. शेवटच्या रांगेपर्यंत कळत असणार. तासभर कोणी धागा सोडला नाही.

पाठ संपल्यावर भंतेजींनी प्रत्येकाच्या मनगटावर तुकडा बांधला. गुरुजींनी आपलं मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग कपाळाला आठी घालून दादांना म्हणाले, "सुखदेव, हे एकपदरी आहे. तिहेरी करायला हवं होतं. हे आठ दिवसांत तुटेल."

दादा पंगतीसाठी ताटं मांडत होते. वर न बघताच म्हणाले,

"मंग आठ दिवसानं आणखी येजा."